प्रयोगापूर्वीचे चार तास

(द्वितीय वर्ष कला)

अकरावीत असतानाची गोष्ट आहे. नाशिकला नाटक पाहायला न्यायचे ठरले आणि वर्गात आनंदीआनंद झाला. तो दोनच दिवस टिकला, कारण तिसऱ्या दिवशी वर्गणीचा आकडा कळला. नाटकाचे तिकीट सवलतीचे होते. आकडा फुगला होता तो खाजगी बस, हॉटेलातले जेवण आणि प्रयोगापूर्वीचा ‘वेळ घालवायला’ ठरवलेल्या एका करमणुकीच्या ठिकाणामुळे. संस्थेचे नाव घेत नाही. हेतू चांगलाच होता. पण माझ्या दोन मैत्रिणींनी नावे काढून घेतली. कारण विचारले तर एक म्हणाली, डोके दुखते. सहलीला अजून दहा दिवस अवकाश होता! दहा दिवस आधी डोके दुखणारी मुलगी मी प्रथमच पाहिली.

यंदा आपल्या वाङ्मय मंडळात पुन्हा नाटकाचा विषय निघाला आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते. माझे म्हणणे एवढेच की, विद्यार्थ्याने पैसे द्यावेत ते एस.टी.चे आणि नाटकाचे. मधल्या वेळेसाठी एक पैसाही घेऊ नये.

आपल्याला दुपारचाच प्रयोग लागतो. रात्रीचे नाटक सुटल्यावर कळवण गाठायचे कधी, आणि तिथून पाड्यावर जायचे कशाने? बरे, एकचा प्रयोग धरला तरी लवकरच निघावे लागते. नांदुरी, वणी, दिंडोरी करीत सकाळची गाडी नऊच्या सुमारास पोचली, तर हाताशी चार तास उरतात. या चार तासांना सगळे ‘रिकामा वेळ’ म्हणतात. मला ते पटत नाही.

आमच्या घरात नाशिक माहीत आहे ते सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट आणि रामकुंड यांच्यामुळे. आजारपण, जमिनीचा वाद आणि अस्थी. या तिन्हींवाचून नाशिकला गेलेली घरातली पहिली व्यक्ती मीच असेन. शहर नुसते पाहायला जायचे असते, हे आईला समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली होती. माझ्यासारख्या अनेकांच्या घरी हीच स्थिती असणार. म्हणून त्या चार तासांचे मोल मला नाटकाइतकेच वाटते.

गाडी पंचवटीच्या बाजूने शहरात शिरते. सी.बी.एस.पर्यंत न जाता दिंडोरी नाक्यावरच उतरावे आणि पुढे पायी निघावे. प्रथम काळाराम मंदिर. इथे तिकीट नाही. पण तिकीट नसले म्हणजे दार उघडे असतेच असे नाही, हे याच दाराने महाराष्ट्राला दाखवले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. माणसे दारापर्यंत आली आणि दारे बंद करण्यात आली. हा लढा पुढे कित्येक वर्षे चालला. पुस्तकात हे चार ओळींत संपते. त्या दारासमोर आपल्या सरांनी दहा मिनिटे बोलावे. तिथे वर्गातले कोण कुठल्या विचारात पडेल, हे मी सांगायला नको.

मग रामकुंड. घाटावर दुतोंड्या मारुती आहे. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या कुठवर चढले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. जवळच नारोशंकराची घंटा, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी. शिदोरी इथेच सोडावी. भाकरी, ठेचा, कांदा. हॉटेलात चाळीस जणांची ताटे लागायला जो वेळ जातो, त्याच्या निम्म्यात जेवण उरकते आणि कुणाच्या ताटात काय, याची चोरीही राहत नाही, कारण घाटावर सगळे एकमेकांच्या फडक्यातले खातात.

होळकर पूल ओलांडला की रविवार कारंजा, मेन रोड आणि शालिमारजवळ महाकवी कालिदास कलामंदिर. या जुन्या नाशकात चालताना एक गोष्ट सरांनी अवश्य सांगावी. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथल्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे तेव्हाच्या औरंगाबादेत शिकणारा विद्यार्थी, वयाने आपल्याएवढाच. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासह त्याला फाशी झाली. नाटक पाहायला जाताना ही वाट चालून गेलेला प्रेक्षक आणि वातानुकूलित गाडीतून थेट दारात उतरलेला प्रेक्षक यांत काहीच फरक नसेल काय? शिवाय ‘नटसम्राट’ लिहिणारे शिरवाडकर याच गावचे रहिवासी आणि वसंत कानेटकर इथल्याच एच.पी.टी. महाविद्यालयात शिकवीत होते.

राहता राहिले सार्वजनिक वाचनालय. स्थापना १८४०. मी एकदा त्याच्या दाराशी जाऊन परत आले आहे. कुणी हटकले नाही, कुणी अडवले नाही. आपल्याला आत जाता येते की नाही, हे विचारायचे कसे आणि कुणाला, एवढेच ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरी दोन पिढ्या पुस्तके आहेत त्यांना हे हास्यास्पद वाटेल. पण फुकट असलेल्या दारातूनही पहिल्यांदा आत जायला सोबत कुणीतरी लागते. मंडळाने आधी एक पत्र पाठवून आमची अर्धा तास वाचनकक्षात बसण्याची सोय करावी. त्याला लागेल ते टपालखर्चापुरते!

‘चाळीस मुले पायी फिरवायची जबाबदारी कोण घेणार?’ असे प्राध्यापक विचारतील. प्रश्न रास्त आहे. दहा-दहांचे गट करावेत, प्रत्येकात तृतीय वर्षाचे दोघे असावेत. गाडीतून उतरताना आणि पूल ओलांडल्यावर मोजणी व्हावी. आपण सप्तशृंगीच्या यात्रेच्या गर्दीत वाढलेली मुले आहोत, मेन रोडला हरवणार नाही. काही मित्रांना पायपीट म्हणजे कमीपणा वाटतो, त्यांना माझ्याजवळ उत्तर नाही.

खर्चाचेही पाहा. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धेच तिकीट आहे. तेव्हा निदान मुलींच्या बाबतीत तरी खाजगी बसचा हट्ट कशासाठी?

आणखी एक विनंती. सहलीची सूचना फलकावर उन्हाळ कांद्याच्या लागणीपूर्वी लागावी. लागण सुरू झाली की ऐन हंगामात घरून सुट्टी मागणे कठीण. आधी कळले तर एक दिवसाची मजुरी कोणत्या दिवशी बुडवायची, हे घरच्यांशी बोलून ठेवता येते. त्या दोघींपैकी एक आता शिकत नाही. दुसरी यंदा येईन म्हणते.