शेवट गोड कशाला?

रॉबर्ट कॉर्मिए यांच्या ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) या कादंबरीला शाळांतून हद्दपार करा, असा घोशा अमेरिकेतील पालकांनी वर्षानुवर्षे लावला. का, तर म्हणे शेवट निराशाजनक! शाळेच्या निधीसाठी चॉकलेटे विकायला जेरी नकार देतो. ब्रदर लिऑन आणि पोरांची गुप्त टोळी मिळून त्याला चेचतात, बाकीचे बघत ओरडतात. कॉर्मिएंच्या स्वतःच्या मुलाने असाच नकार दिला होता, त्याचे काही बिघडले नाही. पण बिघडले असते तर? प्रकाशकांनी शेवट बदलायला सांगितला, तीस वर्षे वृत्तपत्रांत मुरलेल्या या गृहस्थाने तो बदलला नाही. खरे तर पालकांना खुपतो तो लिऑन, शिव्या हे निमित्त. पोरांना मात्र असले मास्तर ठाऊक असतात.