प्लेगची लस आणि लोकांचा विश्वास

रत्नागिरीच्या मांडवी बंदरातून बोटीने पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या कोकणी माणसाला तेथेही एक मांडवी भेटे. गोदामांच्या आणि दाट वस्तीच्या त्या मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. भयभीत मुंबई ओस पडू लागली आणि पळणाऱ्या माणसांबरोबर साथही पसरली.

प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला जपानी संशोधक शिबासाबुरो कितासातो आणि पाश्चर संस्थेचे येर्सँ यांना स्वतंत्रपणे आढळला होता. परंतु जंतू सापडल्याने माणूस वाचत नसतो. तो वाचविण्याचे काम ओडेसात जन्मलेले ज्यू संशोधक वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत हाती घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांनिशी त्यांनी काही महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैद्याची स्वेच्छा कितपत मोकळी असते, हा प्रश्न उरतोच.

त्याच वर्षी पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. रोगाइतकीच उपायाची धास्ती लोकांनी घेतली. शास्त्र खरे असले, तरी ते बंदुकीच्या आधाराने दारात आले की लोक दार लावून घेतात.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. दूषित झाली होती ती एकच बाटली. तरीही निर्दोष ठरायला त्यांना १९०७ पर्यंत थांबावे लागले. सरकारला बळीचा बकरा हवा असतो, तेव्हा पुराव्याला सवड नसते.

त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून हाफकिन यांचे नाव वागवू लागली. लसनिर्मितीसाठी १९७५ मध्ये राज्याच्या मालकीचे महामंडळ निघाले. त्याची पोलिओ लस कोट्यवधी मुलांपर्यंत पोचली. बाजार ऐपत पाहतो, साथ पाहत नाही. म्हणूनच लस बनविणारी संस्था लोकांच्या मालकीची असावी आणि तिचा कारभार लोकांपुढे उघडा असावा. केवळ सरकारी पाटी पुरेशी नाही. विश्वास हुकमाने मिळत नाही, तो कमवावा लागतो.