खाकी पिशवीचं सोंग

बचतगटांच्या कुठल्याही प्रदर्शनात चक्कर मारावी. भाजणी, मेतकूट, काळा मसाला, नाचणीचे पापड. प्रत्येक गावची चव वेगळी. पिशवी मात्र हमखास तीच दिसते : खाकी कागदाची, चेनवाली, मधे पारदर्शक खिडकी आणि कोपऱ्यात हिरवं पान. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द तर हवाच.

या कागदाला आतून सहसा प्लॅस्टिकचा, कधी ॲल्युमिनियमचाही थर चिकटवलेला असतो. हे थर सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे ती पिशवी ना रद्दीत जाते, ना भंगारवाला तिला हात लावतो. तिच्यापेक्षा एकाच जातीच्या प्लॅस्टिकची साधी पिशवी परवडली. दिसायला गरीब, पण निदान पुनर्वापराला जाऊ शकते. बायकांची यात फसवेगिरी नाही, घाऊक व्यापारी ‘इको’ म्हणून जे देतो ते त्या विश्वासानं घेतात. पण ऑक्टोबर 2024 पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांनुसार असे मोघम दावे पुराव्याशिवाय करता येत नाहीत.

खरं तर आधी पदार्थाला विचारायला हवं. पापडाला दमट हवा सोसत नाही. मसाल्यातलं तेल उजेडानं आणि हवेनं खवट होतं. कोकमाच्या आगळात आंबटपणा आणि मीठ दोन्ही भरपूर, पत्र्याचं झाकण त्यात गंजतं. तिथे काचेची बाटली आणि प्लॅस्टिकचं झाकण बरं. काच लांब पाठवायची तर वजन आणि फुटतूट आलीच, पण गिऱ्हाईक गावातलंच असेल तर रिकामी बाटली परत घेता येते. महाराष्ट्रानं 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परताव्याची तरतूद केली होती. ते पैसे कुणी मागितल्याचं फारसं ऐकिवात नाही! ओळखीच्या गिऱ्हाइकाला बाटलीमागे दहा रुपये सूट देणं त्याहून कितीतरी सोपं.

आणि ब्रँड? 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या ‘लिज्जत’चं नाव झालं ते चवीवर, पुढे ‘कुर्रम कुर्रम’च्या जाहिरातीवर, चकचकीत पिशवीवर नव्हे. रंगीत छापील पाउचसाठी ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, म्हणून छापखाना हजारोंच्या संख्येतच ऑर्डर घेतो. मग घटक बदलले किंवा पत्ता बदलला की उरलेला गठ्ठा वाया. कोऱ्या पिशवीवर लेबल चिकटवलं, तारखेचा शिक्का मारला की भागतं. त्या लेबलावर घटक, तारीख आणि चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांक चष्म्याशिवाय वाचता यावा. बोधचिन्ह लहान असलं तरी चालेल.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या 2020 च्या केंद्रीय योजनेत गटांना ब्रँडिंग आणि विक्रीसाठी निम्मं अनुदान आहे. एरवी त्यातला मोठा वाटा डिझायनरकडे जायचा. त्याआधी थोडी रक्कम प्रयोगशाळेत जायला हवी : कोकणातल्या पावसाळ्यात हा मसाला या पिशवीत किती दिवस टिकतो, हे तपासायला.