भरवशाचं पिस्तूल म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या गप्पांचे विषय साधारण ठरलेले असतात. ग्रीन कार्डाची रांग, घराचं कर्ज, मुलांच्या शाळा, भारतातले आईवडील. पण टेक्सास, जॉर्जिया अशा राज्यांत घर घेतलं की कधीतरी जेवणं आटोपल्यावर आणखी एक विषय हळूच निघतो. "घरात एखादं पिस्तूल असावं का रे?" आणि त्याला जोडूनच, "घ्यायचंच तर कुठल्या कंपनीचं? भरवशाचं कोणतं?"

पहिल्या प्रश्नावर एका घरातल्या नवरा-बायकोचं एकमत होत नाही, तिथे माझ्या लेखाने काय होणार! :-) दुसरा प्रश्न मात्र सगळे चुटकीसरशी सोडवतात. एक म्हणतो ग्लॉक, दुसरा म्हणतो सिग, तिसरा बेरेटा. वॉशिंग मशीन घेताना होते तशीच चर्चा. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा प्रश्न आपण अर्धाच विचारतो.

पिस्तुलाचा भरवसा दोन प्रकारचा असतो. चाप ओढला की गोळी सुटलीच पाहिजे, हा पहिला. आणि चाप ओढलेला नसताना काही झालं तरी ती सुटता कामा नये, हा दुसरा. ब्रँडची सगळी कीर्ती पहिल्यावर उभी असते. घरात ठेवलेल्या पिस्तुलाचं जवळजवळ सगळं आयुष्य मात्र दुसऱ्या प्रकारात जातं.

आमच्या टीममधे टेस्टिंग करणारी एक मुलगी होती. नवीन फीचर आलं की आम्ही डेव्हलपर मंडळी ते कसं चालतं ते कौतुकाने दाखवायचो. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "आणि याने काय करायचं नाहीये?" पिस्तूल घेणाऱ्याने दुकानात हाच प्रश्न विचारायला हवा.

आधी पहिला भरवसा बघू. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस भरायचं काम पिस्तूल स्वतःच करतं. गोळी सुटल्याच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग स्लाइडला पुन्हा पुढे ढकलते आणि जाता जाता ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून नळीत सरकवते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. यात काडतूस, मॅगझिन, स्प्रिंग आणि धरणाऱ्याचं मनगट असे चार भागीदार आहेत. मनगट ढिलं धरलं तर चांगलं पिस्तूलसुद्धा अडकतं. म्हणजे "अमुक ब्रँड जॅम होत नाही" या वाक्यात ब्रँडच्या हातात असतं ते जेमतेम अर्धं.

याची चाचणी कशी घ्यायची, याचा एक जुना नमुना बघण्यासारखा आहे. मार्च १९११ मधे अमेरिकन सैन्याने जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं कोल्ट आणि त्याच्या स्पर्धेतलं सॅव्हेज अशा दोन पिस्तुलांतून प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडल्या. सॅव्हेज ३७ वेळा अडलं, कोल्ट एकदाही नाही. तेच पुढे 'एम १९११' म्हणून प्रसिद्ध झालं आणि १९८५ पर्यंत अमेरिकन सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं.

आता ६,००० म्हणजे नक्की किती, ते थोडं गणिताने बघू. (घाबरू नका, फक्त भागाकार आहे.) एखादी गोष्ट 'न' वेळा करून एकदाही बिघडली नाही, तर तिचं बिघडण्याचं प्रमाण साधारण ३ भागिले 'न' पेक्षा कमी आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ६,००० गोळ्यांत शून्य अडथळे, म्हणजे २,००० गोळ्यांत एकापेक्षा कमी. आता आपला मित्र काय सांगतो? "मी २०० गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही, एकदम टॉप!" २०० ला सूत्र लावलं तर खात्रीने एवढंच म्हणता येतं, की अडकण्याचं प्रमाण दीड टक्क्यापेक्षा कमी आहे. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो खरोखर तेवढा असेल, तर १५ गोळ्यांचं एक मॅगझिन संपेपर्यंत निदान एकदा अडकण्याची शक्यता वीस टक्के होते. मित्र खोटं बोलत नाहीये, पण त्याच्या अनुभवातून तो म्हणतो तेवढं सिद्ध होत नाही.

बरं, सैन्याने तपासलं म्हणजे झालं का? नाही. बेरेटाचीच गोष्ट घ्या. १९८५ साली अमेरिकन सैन्याने एम १९११ च्या जागी इटलीच्या बेरेटाचं 'एम ९' घेतलं. शेवटच्या फेरीत बेरेटा आणि सिगचं पी २२६ असे दोनच उरले होते आणि निकाल एकंदर किमतीवर लागला. दोन-तीन वर्षांत काही पिस्तुलांच्या स्लाइड तुटल्या, तुटलेला भाग मागे उडून काही सैनिकांना इजाही झाली. बेरेटाने मग घोड्याच्या पिनचं टोक मोठं केलं, जेणेकरून स्लाइड तुटली तरी मागे उडून चेहऱ्यावर येणार नाही. फार साधा बदल, पण मला तो मनापासून आवडतो. भाग कधीतरी तुटणार हे गृहीत धरून, तुटल्यावर माणूस वाचला पाहिजे असा विचार त्यात आहे.

पुढे इराकमधे त्याच एम ९ ची तक्रार आली, की वाळूत पिस्तूल अडकतंय. शोध घेतल्यावर दोष निघाला मॅगझिनमधे. सैन्याच्याच स्पेसिफिकेशनप्रमाणे बनवलेल्या मॅगझिनांवर जाड खरखरीत थर होता आणि त्यात बारीक वाळू अडकत होती. पिस्तूल तेच, ब्रँड तोच, बदनामी मात्र पिस्तुलाची.

आणि ग्लॉक? गास्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन इंजिनिअरने त्याआधी कधी पिस्तूल बनवलंच नव्हतं. तरी १९८२ साली ऑस्ट्रियन सैन्याने त्याचं ग्लॉक १७ घेतलं. प्लास्टिकचा सांगाडा आणि मोजके सुटे भाग. कोडमधे ओळी जितक्या कमी तितके बग कमी, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पहिल्या प्रकारच्या भरवशात ग्लॉकचं नाव आहे ते उगाच नाही. तरी याच कंपनीला २०११ मधे चौथ्या पिढीच्या पिस्तुलांतल्या रिकॉइल स्प्रिंग बदलून द्याव्या लागल्या. नाव तेच, मॉडेल तेच, पण पिढी बदलली आणि स्प्रिंग पुन्हा बसवावी लागली. आपल्या भाषेत, नवीन रिलीज आलं की जुनं सर्टिफिकेट चालत नाही.

आता दुसरा भरवसा. इथे चित्र एकदम बदलतं.

ग्लॉकला हाताने लावायची वेगळी सेफ्टी बहुतेक मॉडेलांवर नसते. आतल्या सेफ्टी पिस्तूल खाली पडलं तर गोळी सुटू नये म्हणून आहेत. पण चाप दाबला गेला, मग तो बोटाने असो, लहान मुलाच्या हाताने असो किंवा होल्स्टरमधे अडकलेल्या जॅकेटच्या नाडीने असो, की गोळी सुटणार. यंत्र आज्ञा निमूट पाळतं, आज्ञा कुणाची ते विचारत नाही. शिवाय साफ करायला ग्लॉक उघडताना आधी चाप ओढावाच लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजून चालणारा माणूस नळीत राहिलेलं एक काडतूस विसरतो, आणि अपघात होतो. म्हणजे ज्या यंत्राला आपण सगळ्यात भरवशाचं म्हणतो, त्याचा दुसरा भरवसा बराचसा आपल्यावरच सोपवलेला असतो.

सिग साउअरच्या पी ३२० मधे ही अडचण नाही, ते चाप न ओढता उघडता येतं. जानेवारी २०१७ मधे अमेरिकन सैन्याने बेरेटाच्या जागी हेच निवडलं. ५८ कोटी डॉलरपर्यंतचं कंत्राट. याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं असणार? आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे बाहेर आलं, की विशिष्ट कोनात पाठीवर पडलं तर दुकानातल्या पी ३२० मधून गोळी सुटू शकते. चापाच्या स्वतःच्या वजनामुळे, धक्क्यासरशी तो मागे जात होता. पिस्तूल त्या वेळच्या प्रमाणित चाचण्या पास झालेलं होतं. त्या चाचण्यांत पिस्तूल ठरलेल्या स्थितींत पाडतात, आणि हा कोन त्या यादीत नव्हता. लिहिलेल्या सगळ्या टेस्ट केस हिरव्या, आणि बग न लिहिलेल्या केसमधे. वाचून ओळखीचं वाटलं ना?

पण खरी बोचणारी गोष्ट पुढे आहे. सैन्याच्या स्वतःच्या चाचणीत पडण्याचा दोष सापडला होता आणि सैन्याच्या पिस्तुलांत चापाचे भाग हलके करून घेतले गेले होते, हे २०१८ च्या सरकारी अहवालात छापलेलं आहे. दुकानातून घेणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाला हा बदल मिळाला तो ऑगस्ट २०१७ नंतर, आणि तोही 'ऐच्छिक अपग्रेड' या गोंडस नावाने.

त्यानंतर पी ३२० चाप न ओढता होल्स्टरमधेच सुटलं, असे अनेक खटले झाले. कंपनी ते ठामपणे नाकारते. २०२४ मधे जॉर्जिया आणि फिलाडेल्फिया इथल्या ज्यूरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले. जुलै २०२५ मधे वायोमिंगमधल्या हवाई दलाच्या तळावर एका जवानाचा मृत्यू झाला, तेव्हा दलाच्या एका विभागाने या पिस्तुलाच्या सैनिकी आवृत्तीचा वापर थांबवला. पुढच्याच महिन्यात त्या प्रकरणात दुसऱ्या एका जवानाला अटक झाली आणि तपासणीनंतर पिस्तुलं पुन्हा वापरात आली. म्हणून म्हणतो, ब्रँडवर भरवसा ठेवायला जसा पुरावा लागतो, तसा ब्रँडला झोडपायलाही लागतो. पण तो पुरावा तपासायचा कुणी?

इथेच खरी मेख आहे. अमेरिकेत गाडीच्या एअरबॅगमधे दोष निघाला तर सरकारी खातं कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमुळे कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, तुमच्यापैकी काहींच्या घरीही ते पत्र आलं असेल. टोस्टर, पाळणा, खेळण्यातली बंदूक, या सगळ्यांवर ग्राहकसुरक्षा आयोगाची नजर असते. खऱ्या बंदुकीवर नसते! १९७२ च्या कायद्यानेच बंदुका त्या आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवल्या. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं विक्रीआधी पिस्तूल पाडून आणि ६०० गोळ्या झाडून बघायला लावतात. पण विकल्यानंतर दोष निघाला तर देशभरातलं पिस्तूल परत मागवण्याचा अधिकार कुठल्याच केंद्रीय खात्याकडे नाही. ब्राझीलच्या टॉरस कंपनीच्या सुमारे साडेनऊ लाख पिस्तुलांवर पडल्यावर सुटण्याचा आरोप झाला. तो प्रश्न २०१५ मधे मिटवण्याची वेळ आली ती एका खटल्यातल्या तडजोडीमुळे, कंपनीने दोष मान्य न करता.

म्हणजे जिथे पंच सगळ्यात जास्त हवा, तिथेच पंच नाही. आणि पंच नसला की लोक त्याच्या जागी ब्रँडला बसवतात. ब्रँडचं आकर्षण इतकं का असतं, त्याचं माझ्या मते हे खरं उत्तर आहे. (भारतात हा प्रश्न फारसा येत नाही, कारण लायसन्स मिळणंच कठीण आणि ९ मिमीसारखी काडतुसं सामान्य नागरिकाला बंद.)

मग घेणाऱ्याने करायचं काय? माझी छोटी यादी अशी:

१. कंपनीचं नाव नको, मॉडेल आणि पिढी विचारा. नुकतंच बाजारात आलेलं असेल तर थांबा. पहिलं व्हर्जन दुसऱ्यांना वापरू दे.

२. कंपनीत कधी दोष निघाला का, हे विचारू नका, तो निघालेलाच असतो. निघाल्यावर ती कशी वागली ते बघा. स्वतःहून सांगितलं, की बातमी फुटल्यावर?

३. जी काडतुसं आणि जी मॅगझिनं ठेवणार, तीच वापरून, स्वतःच्या हाताने, रेंजवर शिक्षकासमोर चालवून बघा. २०० गोळ्या म्हणजे फक्त सुरुवात.

४. दुकानदाराला दुसऱ्या भरवशाबद्दल विचारा. उघडताना चाप ओढावा लागतो का? हाताने लावायची सेफ्टी आहे का? तो फक्त पहिल्याबद्दलच बोलत राहिला तर दुसरं दुकान बघा.

५. कुलूपबंद पेटीचं बजेट पिस्तुलाच्या बजेटमधेच धरा. घरात लहान मूल असेल तर पेटी आधी, पिस्तूल नंतर. ती पेटी नीट बसवायची तयारी नसेल, तर पिस्तूल कितीही नामांकित असलं तरी घेऊ नका.

यावर एक आक्षेप येईल. "पेटीत बंद करून ठेवलं तर ऐन वेळी उपयोग काय?" आक्षेप खरा आहे. काही सेकंद जाणारच. पण ती ऐन वेळ कदाचित कधीच येणार नाही. घरातलं मूल मात्र रोज त्या कपाटासमोरून जातं. दोन्ही भरवसे एकदम पूर्ण मिळत नाहीत, एकातलं थोडं सोडून दुसऱ्यातलं घ्यावं लागतं. कुठलं किती सोडायचं हे आपण ठरवायचं असतं, कंपनीने नव्हे.

आणि जी मंडळी तिकडे नागरिक झाली आहेत, मत देतात, त्यांना एक विनंती. बंदुकीच्या बाजूने असा की विरोधात, निदान एवढं तरी मागा, की टोस्टरला जो नियम आहे तो पिस्तुलालाही असावा. चांगलं पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीचं त्यात काहीच नुकसान नाही. बघा पटतंय का.