गाडीची चावी कुणाकडे?

परवा मावशीचा फोन आला. मावशी मूर्तिजापूरची, माहेर अचलपूरचं. म्हणाली, "अगं, यंदा भाऊबीजेला जाणं राहूनच गेलं. पोराला सुट्टी नव्हती, गाडी कोण काढणार?" मी म्हटलं, "एसटीने जायचंस की!" तर म्हणते कशी, "गुडघ्यांनी त्या पायऱ्या चढवत नाहीत गं. शकुंतला होती तेव्हा कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती."

शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद रुळांवरची छोटी गाडी. तिच्या चालीची सगळे चेष्टा करायचे. पण टोपल्या घेतलेल्या भाजीवाल्या, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या तिच्यातून निर्धास्त जायच्या. गेली काही वर्षं ती बंद आहे. ब्रॉडगेजची मागणी होत राहते, रस्ते मात्र रुंद होत जातात.

तुम्ही म्हणाल, मरोळला राहणाऱ्या हिला काय त्याचं! पण मैत्रिणींनो, आमच्याकडेही हेच झालंय. १९२८ साली अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जाणारी रेल्वे सुरू झाली होती. १९३४ मध्ये ती बंद झाली. मुंबईची ट्रामही ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. मग अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बस, रिक्षा, ट्रक यांची अशी काही गर्दी झाली की मरोळ नाक्यावरून अंधेरी स्टेशन गाठताना जीव मेटाकुटीला यायचा. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कुकर लावायची वेळ टळून गेलेली असायची!

शेवटी २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली. म्हणजे अंधेरीहून पूर्वेकडे पुन्हा रूळ यायला चक्क ८० वर्षं लागली. आता मरोळ नाक्याखालून भुयारी मेट्रोही जाते, २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत. रूळ उखडायला वेळ लागत नाही, परत टाकायला पिढ्या जातात, हे मी इथेच शिकले.

रस्ते नकोत असं मी म्हणत नाही. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रस्ताच लागतो, एसटीलाही तोच लागतो. पण रस्ता ज्याच्याकडे वाहन आहे त्याच्या जास्त कामाचा. वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू किती कौतुकाचे! पण त्यांच्यावर रिक्षाला आणि दुचाकीला बंदी, पायी जायचं तर नावच नको. आपल्यातल्या कितीजणी स्वतःची मोटार घेऊन तिथून जाणार? घरात गाडी असली, तरी तिची चावी बहुतेक वेळा कुणाच्या खिशात असते, ते सांगायला नको.

रेल्वेचं तसं नाही. तिकीट काढलं की ती तुमची. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल लोकल सुरू झाली. त्या लोकलच्या आणि लेडीज डब्यांच्या भरवशावर कितीतरी मुलींना घरच्यांनी कॉलेजला, नोकरीला पाठवलं. डब्यात गर्दी असते, भांडणं होतात, पण भाजीही तिथेच निवडली जाते आणि मनातलंही तिथेच बोललं जातं. हे सुख सहा पदरी रस्ता कुठून देणार?

तेव्हा तुमच्या गावात नव्या रस्त्याचा नारळ फुटेल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण पुढाऱ्यांना एवढं विचारा, "साहेब, आमच्या स्टेशनावर गाडी कधी थांबणार? आणि ज्या बाईकडे गाडी नाही, तिने या रस्त्यावरून कसं जायचं?" हळदीकुंकवाला जमलात की एक अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

मावशीला मी कबूल केलंय, पुढच्या भाऊबीजेला मी न्यायला येईन. पण खरं सांगू? तिला नेणारं कुणी नकोय. तिला स्वतःचं तिकीट काढून स्वतः जायचंय.