रोज एक मिलिमीटर

काचेने किंवा नायलॉन मांजाने मनगट कापलं, की दवाखान्यातला क्रम ठरलेला: रक्त थांबवा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, टाके घाला, घरी पाठवा. तर्जनीच्या आणि करंगळीच्या टोकाला स्पर्श कळतो का, अंगठा करंगळीला टेकतो का, हे भूल देण्याआधी तपासायला मिनिटही लागत नाही. तरी ते राहून जातं. आत मज्जातंतू तुटला असेल, तर वेळ तिथूनच वाया जायला लागतो.

बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये दाखवलं, की कापल्या जागेपलीकडचे धागे विरघळत जातात. त्यांना पोसणारी पेशी मणक्याजवळ राहिलेली असते. पण याच पडझडीत दुरुस्तीची तयारीही चालते. धाग्यांभोवती मायलिनचं वेष्टण घालणाऱ्या श्वान पेशी ते काम सोडतात, मोडकं मायलिन तोडतात, साफसफाईला भक्षक पेशी बोलावतात आणि रांग धरून नव्या धाग्यासाठी वाट आखतात. मज्जारज्जूत अशी सोय नाही. म्हणून हाताचा मज्जातंतू पुन्हा वाढतो, मज्जारज्जूतले धागे नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली सर्जन जे टाके घालतो, ते फक्त बाहेरच्या आवरणाला. आतला एकही धागा तो शिवत नाही. टोकं ताणाशिवाय जुळत नसतील, तर पोटरीतला सुरल मज्जातंतू काढून मध्ये बसवतात. गंमत म्हणजे त्याचेही धागे मरणारच असतात. हव्या असतात त्या त्याच्या श्वान पेशी. त्यापायी पावलाची बाहेरची कड बधिर होते. सौदा वाईट नाही.

खरी अडचण वेगाची. नवा धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतो, आणि मज्जातंतूविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कामातून जातो. मोटारसायकलवरून पडून मानेशी मज्जातंतू तुटला, तर धागा तळहातापर्यंत पोचेतो तिथे हलवण्याजोगं काही उरलेलं नसतं. ओबर्लिन या फ्रेंच सर्जनने १९९४ मध्ये यावर निदान कोपरापुरती तोड मांडली. हाताकडे जाणाऱ्या, शाबूत राहिलेल्या अल्नर मज्जातंतूतली एक जुडी दंडातच वेगळी करायची आणि कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या मज्जातंतूला जोडायची. अंतर उरतं काही सेंटिमीटर, आणि हाताला त्या जुडीची उणीव सहसा जाणवत नाही. सुरुवातीला रुग्ण मनगट वाकवायला जातो आणि कोपर वाकतं. मग मेंदू हळूहळू नवा हिशेब शिकतो.

ही शस्त्रक्रिया आपल्याकडेही होते; रुग्ण मात्र उशिरा पोचतात. ‘थांबून बघू’ हा सल्ला सरसकट चुकीचा नाही: ताणलेला, पण न तुटलेला मज्जातंतू आपणहून सावरू शकतो. काचेच्या स्वच्छ कापाला तो सल्ला लागूच होत नाही. आणि अपघातानंतर तीन महिन्यांत दंड हलायची चिन्हं नसतील, तर पुढची तारीख देणाऱ्या डॉक्टरने सोबत हँड सर्जनच्या नावे चिठ्ठीही द्यायला हवी.