फावल्या वेळात : झाकणाचं रीळ

मंडळी, गेल्या अंकातला भोपळ्याचा वेल वाचून बऱ्याच जणांनी फोन केले. या वेळी विषय पाण्यातला आहे. शाकाहारी वाचकांनीही वाचायला हरकत नाही, कारण यातले सगळे मासे पाण्यातच राहिले!

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे मलिंगारला आले होते. लहानपणी खाडीच्या खडकावर बसून नुसत्या हाताने तंगूस फेकून गरवलेला माणूस. रॉयल कालवा आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "अरे, पाणी आहे, मासा आहे, मग आपण घरात टीव्ही कशाला बघतोय?"

मी माझी दांडी त्यांच्या हातात दिली. तिला नेहमीचं उघडं रीळ. त्यात तर्जनीच्या टोकावर दोरा धरायचा, दुसऱ्या हाताने तारेची कडी उघडायची आणि दांडी पुढे येताना नेमक्या क्षणी बोट सोडायचं. बाबांची बोटं संधिवाताने आखडलेली. दोरा बोटावर राहीना. त्यात इथला पश्चिमेचा वारा! सैल दोरा उडून रिळाच्या मुठीभोवती गुंडाळला. तिसऱ्यांदा गुंता सोडवल्यावर म्हणाले, "राहू दे. तू गरव, मी बघतो."

ते वाक्य मला लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन झाकणाचं रीळ आणलं.

या रिळात दोऱ्याची गुंडी टोपीसारख्या झाकणाखाली असते आणि दोरा समोरच्या भोकातून बाहेर येतो. अंगठ्याने बटण दाबून धरायचं, दांडी फिरवायची, बटण सोडायचं, की दोरा सुटला. मूठ फिरवली की आतली छोटी खुंटी दोरा पकडते आणि पुन्हा गुंडाळते. याची गोष्टही गमतीची आहे. अमेरिकेत हल नावाचा एक घड्याळजी होता. दुकानदार एका जागी स्थिर असलेल्या गुंडीतून सुतळी ओढून पुडा बांधतोय, हे पाहून त्याला युक्ती सुचली असं सांगतात. आपल्या वाण्याच्या दुकानात ही गुंडी आपण सगळ्यांनी पाहिली, पण सुचलं मात्र त्याला! तेलविहिरींसाठी बाँब बनवणाऱ्या टल्साच्या झीरो अवर बाँब कंपनीने १९४९ साली त्याचं रीळ बाजारात आणलं. 'झेबको' हे नाव त्याच कंपनीच्या आद्याक्षरांतून आलं.

फायदे बाबांनीच सिद्ध केले. पंधरा मिनिटांत त्यांचा गळ हवा तिथे पडू लागला. शेजारी आमची आठ वर्षांची कन्या आजोबांकडून शिकत होती. गुंडी झाकलेली, त्यामुळे वाऱ्याला तिथला दोरा उडवता येत नाही. याच कारणासाठी स्वीडनच्या आबू कंपनीची ५०० मालिकेतली झाकणाची रिळं ब्रिटन-आयर्लंडमधल्या स्पर्धेत उतरणाऱ्यांनीही वापरली. नदीत हलका बोया सोडून रोच धरायला ती छान. तेव्हा हे फक्त पोरांचं खेळणं, असं समजू नका.

आता दुसरी बाजू. दोरा भोकाच्या कडेला घासतो, म्हणून फेक लांब जात नाही. कालव्याला चालतं, मोठ्या तळ्याला अपुरं पडतं. गुंडी लहान, दोरा कमी मावतो. पाणी आत शिरलं की लवकर सुकत नाही. समुद्रावर नेलं आणि धुतलं नाही, तर गंज ठरलेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आतला गुंता दिसत नाही.

हे आम्हाला महागात पडलं. एका संध्याकाळी बाबा छोटा पर्च ओढून आणत होते. मध्येच पाइकने त्यावर झडप घातली. नावाने पाईक, वागण्याने दरोडेखोर! मासा जोरात ओढू लागला की रिळाने थोडा थोडा दोरा सोडायला हवा. आमचा अडकला आणि तुटला. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "मासा गेला त्याचं काही नाही रे, पण गळ घेऊन गेला."

घरी येऊन झाकण काढलं, तर आत वाळूचे कण आणि सैल दोऱ्याचा एक फास. महिनाभरात मी ते एकदाही उघडलं नव्हतं. चूक रिळाची निम्मी, माझी निम्मी.

तेव्हा माझं मत असं: मुलं, आखडलेली बोटं, वारा आणि जवळचं पाणी असेल, तर झाकणाचं रीळ जरूर घ्या. पाइक किंवा समुद्र असेल, तर उघडंच बरं. आणि दर वेळी घरी आल्यावर झाकण काढून आतून पुसा. नवशिक्यांसाठी आणखी एक: इथे सामन आणि समुद्री ट्राउटला सरकारी परवाना लागतो, पर्च-रोच-पाइकला लागत नाही, मात्र काही ठिकाणी क्लबची परवानगी लागते, ती आधी विचारा. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला बंदी आहे.

बाबा आता रत्नागिरीला आहेत. दर रविवारी फोनवर तब्येतीची चौकशी राहते बाजूला, पहिला प्रश्न एकच: "झाकण उघडून पुसलंस का?"

तुमचे अनुभव जरूर कळवा. पुढच्या अंकात भेटूच.